जोडावरचा शिक्का

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीची मुलगी दोन दिवस आमच्याकडे राहायला आली होती. हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत कामाला आहे. फराळ झाला, गप्पा झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला माझ्या एका मित्राकडे घेऊन गेलो. हे गृहस्थ उत्तम मोडी वाचतात. लोक आपापल्या घरचे जुने कागद त्यांच्याकडे घेऊन येतात. त्या दिवशी त्यांच्यासमोर एक लांबलचक कागद पसरलेला होता. बंदाला बंद चिकटवून लांब केलेला, गुंडाळून ठेवायचा. मित्रानं तो हलक्या हातानं पालथा घातला आणि दोन बंद जिथं एकमेकांना चिकटवले होते, तिथं बोट ठेवलं. बरोबर जोडावर एक शिक्का होता. अर्धा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या बंदावर.

‘‘हा इथं कशासाठी?’’ तिनं विचारलं.

‘‘अगं, मधला एखादा बंद कुणी काढला आणि स्वतःच्या सोयीचा दुसरा चिकटवला तर?’’ मित्र म्हणाले. ‘‘जुन्या बंदावर अर्धा शिक्का राहील, पण नव्या बंदावर उरलेला अर्धा कुठून येणार? लबाडी तिथल्या तिथं उघडी पडते.’’

पोरगी क्षणभर गप्प झाली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘आजोबा, ही तर ब्लॉकचेन झाली!’’

त्या वेळी मी हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग मी तिला खोदून खोदून विचारलं, थोडं वाचलं, आणि माझ्या लक्षात आलं की ती गमतीनं बोलली असली तरी बोलली बरोबर. ब्लॉकचेन आणि ओपन सोर्स हे दोन शब्द आपल्या कानांवर पडत असतात. पहिला ऐकला की झटपट पैसा आठवतो, दुसरा ऐकला की इंजिनीअर मंडळी आठवतात. पण या दोन्हींच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे. हा कागद खरा कशावरून? आणि या प्रश्नाशी पुण्याचा संबंध संगणकाच्या फार आधीपासूनचा आहे.

शिवकाळात आणि पेशवाईत गावात वतनाचा, जमिनीचा किंवा मानपानाचा तंटा उभा राहिला, की तो बहुधा गोतसभेपुढे जाई. गावचे पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते, परगण्याचे देशमुख-देशपांडे असे सगळे जमत. दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं जाई. साक्षी होत, जुने कागद पाहिले जात. मग जो निवाडा होई, त्याचा महजर लिहिला जाई. या महजरावर जमलेल्यांची नावं आणि निशाण्या असत. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याचीही खूण असे. पाटलाच्या नावापाशी नांगर, आणि कारागिराच्या नावापाशी त्याच्या त्याच्या धंद्याचं हत्यार. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1953 साली प्रसिद्ध केला. अशा महजरांचा आणि निवाडपत्रांचा त्यात मोठा आधार घेतलेला आहे.

या पद्धतीतली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. महजराचं बळ एकट्या सरकारी शिक्क्यात नव्हतं. पंचवीस-तीस माणसांच्या डोळ्यांदेखत ते लिहिलं गेलं, आणि उद्या कुणी नाकबूल झालं तर तेवढी माणसं उभी राहतील, यात ते होतं. हरलेल्या बाजूकडूनही लिहून घेत. त्याला येजितखत म्हणत. ‘मी खोटा ठरलो, यापुढे या बाबतीत तंटा करणार नाही’ अशा अर्थाचा तो कागद. म्हणजे जिंकणाऱ्याच्या हातातल्या कागदाला हरणाऱ्याच्या कागदाचा दुजोरा.

दुसरी गोष्ट प्रतींची. इनामाच्या जुन्या सनदा वाचल्या, तर शेवटी एक ठरीव मजकूर वारंवार येतो. या पत्राची प्रत लिहून घ्यावी, आणि मूळ पत्र ज्याचं त्याच्याजवळ भोगवट्यासाठी परत द्यावं. एक नोंद हुजूर दप्तरात, एक प्रत परगण्याच्या देशपांड्यांकडे, आणि अस्सल कागद धन्याच्या घरी. कुणी एकानं खाडाखोड केली, तर बाकीच्या ठिकाणचे कागद बोलणार. आणि मजकूर संपला की तिथं मोर्तब करायचं. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा असते, ती लेखनाची सीमा दाखवणारी. त्याच्या खाली कुणी ओळ घुसडायची नाही. वर मुद्रा, शेवटी मोर्तब, जोडावर शिक्का आणि चार ठिकाणी प्रती. कागद सांभाळणाऱ्या माणसांनी अनुभवानं शिकून ठेवलेलं हे शहाणपण होतं.

आता संगणकाकडे येऊ. संगणकातल्या मजकुराची अडचण अशी, की त्यात खाडाखोड केली तर डाग राहत नाही. शाई पसरत नाही, कागद खरवडला जात नाही. मग बदल ओळखायचा कसा? स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 1991 साली यावर एक उपाय मांडला. गणिताची एक रीत आहे, तिला हॅश म्हणतात. कितीही मोठा मजकूर तिच्यात घाला, ती त्याचा ठराविक लांबीचा ठसा काढून देते. मजकुरात एक काना बदलला तरी ठसा पार बदलून जातो, आणि ठशावरून उलट मजकूर काही काढता येत नाही. या दोघांनी सुचवलं, की प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफायचा. मग मधली नोंद बदलली, की पुढचे सगळे ठसे चुकतात. आमच्या मित्रानं दाखवलेला जोडावरचा अर्धा शिक्का तो हाच.

पुढची गोष्ट तर वर्तमानपत्राच्या वाचकांना विशेष आवडेल. ही साखळी चालवणाऱ्या कंपनीवर तरी विश्वास का ठेवायचा? उद्या तिनंच सगळी साखळी नव्यानं लिहिली तर? म्हणून त्यांनी 1995 पासून दर आठवड्याचा ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. हरवले-सापडलेच्या रकान्यात, अक्षरांचा आणि आकड्यांचा एक निरर्थक दिसणारा पुंजका. पण तो छापून घरोघरी गेला, वाचनालयांत जाऊन पडला. आता कंपनीच्या मनात आलं तरी इतक्या घरांतले अंक ती कशी बदलणार?

31 ऑक्टोबर 2008 रोजी सातोशी नाकामोतो या नावानं नऊ पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. बँकेला मध्ये न घेता पैशांची देवघेव कशी करता येईल, हा त्याचा विषय. हे नाव कुणाचं, ते आजही निश्चित ठाऊक नाही. त्या लेखाच्या शेवटी आठच संदर्भ दिले आहेत आणि त्यांतले तीन हेबर-स्टॉर्नेटा यांचे आहेत. 3 जानेवारी 2009 ही त्या खतावणीच्या पहिल्या पानाची तारीख. त्या पहिल्या पानात लंडनच्या ‘टाइम्स’मधला त्याच दिवसाचा मथळा कोरून ठेवला आहे. हे पान त्या तारखेच्या आधी लिहिलेलं नाही, याचा पुरावा म्हणून. हीच ती बिटकॉइनची ब्लॉकचेन. नव्या पानात जुन्या पानाचा ठसा, आणि संपूर्ण खतावणीची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर.

इथपर्यंत महजराशी साम्य स्पष्ट दिसतं. पण एक दुवा राहिला, आणि आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. समजा, खतावणीच्या हजार प्रती आहेत. पण ती खतावणी लिहिणारा आणि तपासणारा प्रोग्रॅम एकाच कंपनीच्या कुलपात आहे. आत काय नियम घातलेत, ते कुणालाच ठाऊक नाही. मग त्या हजार प्रतींचा उपयोग काय? गोतसभेत पंचवीस माणसं बसली आहेत, पण निवाडा कोणत्या रिवाजानं झाला हे कुणालाच कळलं नाही, अशातली ती गत. म्हणून बिटकॉइनचा प्रोग्रॅम पहिल्यापासून उघडा ठेवला गेला. कुणीही वाचावा, तपासावा, बदलून पाहावा. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर असा सर्वांना खुला ठेवणं, याला ओपन सोर्स म्हणतात.

ही चाल बिटकॉइनच्या कितीतरी आधीची. 1980 च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर काम करत होता. तिथला छपाईचा यंत्र सारखा अडकायचा. स्टॉलमनला त्याच्या प्रोग्रॅममध्ये छोटी दुरुस्ती करायची होती, पण मूळ मजकूर द्यायला नकार मिळाला. आपल्याच टेबलाशेजारचं यंत्र आणि आपल्यालाच ते उघडून पाहायची मनाई, हे त्याला सहन झालं नाही. 1983 साली त्यानं सर्वांना मोकळेपणी वापरता, वाचता आणि वाटता येईल अशा प्रणालीची घोषणा केली. 1991 मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं लिनक्स सुरू केलं. ओपन सोर्स हा शब्द रूढ झाला 1998 पासून. याच टॉर्व्हाल्ड्सनं 2005 साली गिट नावाचं साधन तयार केलं. जगभरचे हजारो लोक एकाच प्रोग्रॅमवर काम करतात, तेव्हा कुणी केव्हा काय बदललं याची नोंद गिट ठेवतं. त्यातही प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा असतो, आणि काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ साधारणपणे पूर्ण इतिहासाची प्रत असते. म्हणजे बिटकॉइन येण्याच्या तीन-चार वर्षं आधीच ओपन सोर्सवाल्यांच्या रोजच्या कामात ही जोडावरच्या शिक्क्याची रीत येऊन बसली होती.

प्रतींचं महत्त्व मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 12 जुलै 1961 या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा आम्ही शनिवार पेठेत राहत होतो. मी शाळकरी होतो. पाणी ओसरल्यावर वडिलांनी माळ्याखालची पत्र्याची पेटी उघडली. आत घरचे जुने कागद होते. त्यांचा लगदा झाला होता. गच्चीवर चटईवर ते एकेक पान सुटं करू पाहत होते आणि पानं हातातच विरघळत होती. त्यात आमच्या सासवडकडच्या जमिनीचा एक जुना निवाडा होता. वडील त्याबद्दल फारसं बोलले नाहीत, पण पुढं कितीतरी दिवस ती रिकामी पेटी त्यांनी टाकली नाही. दहा-बारा वर्षांनी परगण्याच्या जुन्या देशपांड्यांच्या घरातलं एक रुमाल सोडलं गेलं, तेव्हा त्यात त्या निवाड्याची नक्कल निघाली. दीडदोनशे वर्षांपूर्वी कुण्या कारकुनानं ‘प्रत लिहून घेऊन’ हा शिरस्ता इमानानं पाळला होता. त्या अनोळखी कारकुनाला वडिलांनी हात जोडल्याचं मला आठवतं.

प्रती नसल्या आणि कागद एकाच्याच ताब्यात गेले, तर काय होतं, हेही पुण्यानं पाहिलं आहे. 1818 साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचं दप्तर इंग्रजांच्या हाती आलं. पुढं 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला मोठे अधिकार मिळाले. कोणाची इनामं खरी आणि कोणाची खोटी, याची तपासणी सुरू झाली. आता परिस्थिती पाहा. पुरावा द्यायचा इनामदारानं. आणि ज्या हुजूर दप्तरात त्याच्या सनदेची नोंद असायची, ते दप्तर सरकारच्या कुलपात. तपासणारं सरकार, निवाडा देणारं सरकार आणि जमीन खालसा झाली तर सारा घेणारंही सरकार. यांत खोट्या सनदा नव्हत्या असं नाही, पुष्कळ होत्या. पण ज्याची सनद खरी होती त्यालाही दप्तर उघडून ‘ही पाहा माझी नोंद’ म्हणण्याची सोय नव्हती. त्या काळी दक्षिणेत जो असंतोष माजला, त्यात या तपासणीचा वाटा होता, हे इतिहासकार सांगतात. नोंद खरी असून भागत नाही. ती ज्याच्याबद्दल आहे, त्याला पाहता आली पाहिजे.

या कुलूपबंद इतिहासाला पहिला मोठा धक्का दिला तो वि. का. राजवाडे यांनी. सरकारी दप्तर उघडत नाही म्हणून ते हात बांधून बसले नाहीत. गावोगाव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या रद्दीतून कागद गोळा केले आणि जसेच्या तसे छापले. 1898 साली पहिला खंड निघाला, पुढं त्यांचे बावीस झाले. या ग्रंथमालेचं नाव काय, तर ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’. साधनं म्हणजे इंग्रजीत सोर्स! आमच्या नातीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे राजवाडे ओपन सोर्सवाले होते की!’’ शब्दाची गंमत सोडा, पण विचार खरोखर तोच आहे. राजवाड्यांचं म्हणणं असं, की माझा निष्कर्ष तुम्ही मानू नका. मूळ कागद तुमच्यापुढे ठेवतो, तुम्ही तपासा, मी चुकलो असेन तर दाखवून द्या. आणि राजवाड्यांच्या चुका त्यांच्याच छापलेल्या कागदांवरून पुढच्या लोकांनी दाखवल्याही. 7 जुलै 1910 रोजी त्यांनी आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. घराघरांतले लाखो कागद तिथं जमा झाले.

सरकारी पेशवे दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात पंचेचाळीस खंडांत छापले गेले. सर जदुनाथ सरकारांचा त्या कामाला पाठिंबा होता. काम अफाट होतं आणि अभ्यासकांवर त्याचे उपकार आहेत. पण पुण्यातल्या मंडळींनी त्या वेळी एक कुरबूर केली. कोणते कागद निवडायचे आणि कोणते वगळायचे, हे एकाच्याच हाती का? आम्हाला दप्तरात जाऊ द्या, आमचं आम्ही पाहू. पुणेरी तिरकसपणा म्हणून ही तक्रार झटकून टाकता येईल, पण तिच्यात तथ्य होतं. निवडून दाखवणं वेगळं आणि दार उघडणं वेगळं. आज मोठमोठ्या कंपन्या ‘आमची यंत्रणा ब्लॉकचेनवर आहे’ असं अभिमानानं सांगतात, पण प्रोग्रॅम दाखवत नाहीत. तेव्हा मला ही जुनी कुरबूर आठवते. पुढं ते दप्तरही अभ्यासकांना खुलं झालं, ही आनंदाची गोष्ट.

पण दार उघडलं म्हणजे काम झालं, असंही नाही. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात हजारो रुमाल आहेत आणि त्यांतले बहुतेक मोडीत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली. कागद खुले, पण वाचणारे किती? 2023 साली महाराष्ट्र सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जुन्या महसुली आणि इतर कागदपत्रांत कुणबी नोंदी शोधण्याचं काम जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झालं. त्या वेळी मोडी वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध झाली. आरक्षणाच्या वादात मला इथं शिरायचं नाही. पण पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलं आहे, यावर नातवंडांचा दाखला ठरणार आणि ते लिहिलेलं घरातल्या कुणालाच वाचता येत नाही, ही अवस्था विचार करण्यासारखी आहे.

संगणकवाल्यांनाही हा अनुभव आला. ओपनएसएसएल नावाचा एक ओपन सोर्स प्रोग्रॅम आहे. जगातल्या असंख्य वेबसाइटची गुप्तता त्याच्यावर अवलंबून असते. 2012 मध्ये त्यात एक चूक शिरली. मूळ मजकूर जगाला खुला होता, कुणीही वाचू शकत होतं. ती चूक उघडकीला आली एप्रिल 2014 मध्ये, दोन वर्षांनी. कारण प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कुणीतरी वाचत असेल.

ब्लॉकचेनच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जोडावरचा शिक्का एवढंच सांगतो, की कागद बदललेला नाही. कागदावरचा मजकूर खरा आहे, असं तो सांगत नाही. खोटे महजरही होत असत. गावातली बलदंड मंडळी एक झाली तर गरिबाचं कोण ऐकणार? शिवाय गोतसभेत सगळ्यांचा शब्द सारख्या वजनाचा नव्हता, बायकांना तर तिथं क्वचितच स्थान. ब्लॉकचेनमध्येही निम्म्याहून जास्त बळ एका गटाच्या हाती गेलं, तर तो गट खतावणी आपल्याला हवी तशी वळवू शकतो. जमातच फितूर झाली, तर जमातीची साक्ष कुचकामी.

आणि भाऊबंदकी तर आहेच. इथेरियम नावाची दुसरी मोठी ब्लॉकचेन आहे. जून 2016 मध्ये तिच्यावर चालणाऱ्या एका सामाईक निधीच्या प्रोग्रॅममधली चूक हेरून कुणीतरी सुमारे 36 लाख इथर वळते करून घेतले. आता काय करायचं? एक पक्ष म्हणाला, चोरी ती चोरी, नोंद मागे फिरवा. दुसरा म्हणाला, एकदा लिहिलेलं फिरवायचं नाही, हाच तर आपला करार. जुलैमध्ये वाटण्या झाल्या. त्या दिवसापर्यंतचं दप्तर दोघांचं एकच, पुढचं वेगळं. प्रोग्रॅम खुला होता, म्हणून दोन्ही पक्षांना आपापली चूल मांडता आली. म्हणजे ‘न बदलणारी’ नोंदही शेवटी माणसांच्या एकमतावरच टिकते.

आपल्या पुण्यातही एक धडा मिळाला. गेन बिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा 10 टक्के परताव्याच्या आशेनं हजारो लोकांनी पैसे गुंतवले. 2018 साली पुणे पोलिसांनी त्या प्रकरणात अटका केल्या. पुढं 2022 मध्ये, त्याच तपासात मदतीला घेतलेल्या तज्ज्ञांनाही आभासी चलन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. बिटकॉइनची खतावणी त्या सगळ्या काळात जगापुढे उघडीच होती आणि तिच्यात खाडाखोड झाली नव्हती. पण लोकांना दिलेलं वचन त्या खतावणीत नव्हतंच. लोकांनी ब्लॉकचेनचं नाव ऐकून माणसावर विश्वास टाकला होता.

मग या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय? उपयोग आहे, कारण हे तंत्र आता आपल्या दाखल्यांपर्यंत आलं आहे. 2022 साली गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे 65 हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम सुरू झाला. उद्या नोकरीच्या ठिकाणी दाखला दाखवला, तर तो खरा की बनावट हे तिथल्या तिथं तपासता यावं, हा हेतू. एटापल्लीच्या माणसाला एका खात्रीसाठी पुन्हा पुन्हा कचेरीचे हेलपाटे घालावे लागू नयेत, ही मोठी गोष्ट आहे. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं ‘विश्वस्य’ नावाची राष्ट्रीय ब्लॉकचेन यंत्रणा सुरू केली. तिची केंद्रं भुवनेश्वर, हैदराबाद आणि आपलं पुणे अशा तीन ठिकाणी आहेत. हुजूर दप्तराच्या गावाला पुन्हा एकदा दप्तर सांभाळायचा मान मिळाला म्हणायचा.

आनंद आहेच. फक्त अशी कोणतीही यंत्रणा पुढं आली, की नागरिक म्हणून आपण तीन प्रश्न विचारावेत. पहिला, प्रती कुणाकुणाजवळ आहेत? तीन गावी तीन प्रती, पण तिन्ही एकाच खात्याच्या, तर पुरापासून बचाव होईल, पण खात्याच्या चुकीपासून होईल का? दुसरा, नोंद करणारा प्रोग्रॅम बाहेरच्या जाणकाराला उघडून पाहता येतो का? आणि तिसरा, नोंद मुळातच चुकली असेल तर ती दुरुस्त कशी करायची, कुणापुढे उभं राहायचं? न पुसता येणाऱ्या खतावणीत नाव चुकीचं पडलं, तर ती चूकही न पुसता येणारी होते. जुन्या काळी असा माणूस निदान गोतसभा भरवा म्हणून अर्ज करू शकत होता.

या तिन्ही प्रश्नांच्या पोटात चौथा आहे, तो सरकारला किंवा कंपनीला विचारायचा नाही. तो आपला आपल्याला विचारायचा. उघडं ठेवलेलं वाचायला आपल्यापैकी कुणी बसणार आहे का?

परत जायच्या आधी नातीनं मला मोडी शिकवायला सांगितलं. मीही तिला म्हटलं, त्या बदल्यात तू मला प्रोग्रॅम कसा वाचायचा ते दाखव. रविवारी सकाळी फोनवर आमची शिकवणी चालते. तिला अजून ‘स’ आणि ‘म’ यांत गोंधळ होतो, आणि मी तिनं दिलेल्या वीस ओळींपैकी सातव्या ओळीवर अडलो आहे. घाई कुणालाच नाही. देशपांड्यांच्या रुमालातली ती नक्कल माझ्याकडे आहे. ती तिला स्वतःला वाचता आली, की तिच्या हाती द्यायची असं मी ठरवलं आहे. त्याआधी अर्थातच त्याच्या दोन प्रती काढून ठेवल्या आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)